काटे फिरवा, पण सेकंद मोजू नका

संगणकावर काट्यांचं घड्याळ करायला घेणाऱ्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. चालू केलं तेव्हा बरोबर होतं, मग तासाभरात मागे कसं पडलं? साडेसहा वाजले तरी तासकाटा सहावरच का चिकटून बसतो? सेकंदकाटा बाराला पोचला की गर्रकन उलटा फिरून का येतो? आणि एवढंसं घड्याळ चालू असताना लॅपटॉपचा पंखा का घरघरायला लागतो?

उत्तरं मिळवताना आणखी एक गोंधळ होतो. चार जाणकारांना विचारलं की चौघं चार कोड पाठवतात. विचारणारा चौघांमधलं थोडं थोडं उचलतो आणि शेवटी हाती येतं ते घड्याळ चालतं, पण का चालतं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत: घड्याळ कसं करायचं, आणि ते इतरांच्या मदतीने कसं सुधारत न्यायचं. उदाहरण ब्राउझरमधल्या घड्याळाचं, म्हणजे जावास्क्रिप्टचं आहे. टर्बो सी आणि पायथनवाल्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे. (आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच आणि जोडून लिहायची, हे आलंच.)

आधी एकच ठरवा: काटा टिकटिकणार की सरकणार?

बहुतेक जण हा प्रश्न सोडून थेट कोडकडे वळतात आणि नंतर वेगाची तक्रार करतात. खरं तर घड्याळ किती काम करणार, हे इथेच ठरतं.

- फक्त तास आणि मिनिट दाखवायचे असतील, तर मिनिटातून एकदा चित्र बदललं की पुरे.
- सेकंदकाटा टिकटिकणारा हवा असेल, तर मिनिटाला ६० वेळा.
- सेकंदकाटा अखंड सरकणारा हवा असेल, तर साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर मिनिटाला ३,६०० वेळा. १२० हर्ट्झच्या फोनवर याच्या दुप्पट.

टिकटिकणाऱ्या काट्यासाठी सरकत्या काट्याचा कोड वापरला, तर डोळ्यांना काहीही फरक न दिसता काम साठपट वाढतं. पंखा घरघरतो तो अशाच कारणांनी. माझं मत विचाराल तर वेबपानाच्या कोपऱ्यात बसणाऱ्या घड्याळाला टिकटिक पुरते. सरकता काटा मोठ्या, मुद्दाम बघायच्या घड्याळावरच शोभतो.

ज्यांनी आपल्या यंत्रावर ‘हालचाल कमी करा’ ही सोय चालू ठेवलेली असते, त्यांना अखंड फिरणाऱ्या गोष्टींचा त्रास होतो. ब्राउझर ही पसंती कोडला सांगतो. अशा वाचकांना टिकटिकणारा काटा दाखवा, किंवा सेकंदकाटा दाखवूच नका.

वेळ मोजायची नाही, विचारायची

घड्याळ मागे पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. कोड सुरुवातीला एकदा वेळ विचारतो आणि पुढे ‘सेट इंटरव्हल’ला १,००० मिलिसेकंद देऊन दर ठोक्याला सेकंदात एक मिळवत जातो. हे बसमध्ये डुलक्या घेत किलोमीटरचे दगड मोजण्यासारखं आहे. जितके दगड झोपेत निसटले, तितकी चूक शेवटपर्यंत सोबत राहते.

ब्राउझरही डुलक्या घेतोच. ‘१,००० मिलिसेकंदांनी’ याचा अर्थ त्याच्या लेखी ‘सहसा त्याआधी नाही’ एवढाच असतो. दुसरं काम हातात असेल तर ठोका उशिरा पडतो. समजा दर ठोक्याला ४ मिलिसेकंदांचा उशीर साचत गेला, तर तासाला १४ सेकंद झाले. तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात की परिस्थिती आणखी बिघडते. मागे पडलेल्या पानांचे टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतात. क्रोममध्ये २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या ८८ व्या आवृत्तीपासून पाच मिनिटांहून जास्त वेळ झाकलेल्या पानाचे टायमर बहुतेक वेळा मिनिटातून एकदाच तपासले जातात. म्हणजे साठ सेकंद गेले आणि तुमच्या घड्याळाने मोजला एक.

म्हणून नियम असा: प्रत्येक वेळी चित्र काढण्याआधी यंत्राला ताजी वेळ विचारा आणि तिच्यावरून तिन्ही काट्यांचे कोन नव्याने काढा. आधी काय दाखवलं होतं ते लक्षात ठेवायचं नाही. मग एखादा ठोका चुकला, दहा चुकले, तरी पुढच्या ठोक्याला घड्याळ आपोआप जाग्यावर येतं.

टिकटिकणाऱ्या घड्याळाला ‘सेट इंटरव्हल’ऐवजी ‘सेट टाइमआउट’ घ्या. ताज्या वेळेतले मिलिसेकंद १,००० मधून वजा करा आणि येईल तेवढ्या वेळाने पुढचा ठोका मागा. आत्ता सेकंदाचे २३० मिलिसेकंद उलटले असतील तर पुढचा ठोका ७७० नंतर. त्यामुळे काटा खऱ्या सेकंदाच्या उंबरठ्यावरच हलतो. क्वचित ठोका एखाद-दोन मिलिसेकंद लवकर पडून काटा जागचा हलत नाही आणि मग लगेच हलतो. तो अडखळा दिसला तर पुढचा ठोका मागताना पाचेक मिलिसेकंद वाढवून मागा.

सरकत्या काट्यासाठी ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ हाच मार्ग. पडदा नवं चित्र दाखवायला तयार असेल तेव्हाच ब्राउझर तुमच्या कोडला हाक मारतो आणि पान झाकलेलं असताना मारतच नाही. पान परत उघडलं की ताजी वेळ विचारली जाते, त्यामुळे आणखी काही करावं लागत नाही.

कोनांचं गणित

बाराचा आकडा शून्य अंश धरा आणि घड्याळाच्या दिशेने मोजा.

- सेकंदकाटा: सेकंद × ६. सरकता हवा असेल तर सेकंदात मिलिसेकंदांचा अपूर्णांक मिळवून.
- मिनिटकाटा: मिनिट × ६, अधिक सेकंद × ०.१.
- तासकाटा: तासाला १२ ने भागून उरलेली बाकी × ३०, अधिक मिनिट × ०.५.

तासकाट्यातला तो ‘अधिक मिनिट × ०.५’ राहिला की साडेसहाला काटा सहावरच राहतो. बाकी काढायची, कारण यंत्र तास ० ते २३ असे देतं.

दुसरी अडचण दिशेची. कॅनव्हासवर शून्य अंश तीनच्या आकड्याकडे असतो, बाराकडे नाही. शिवाय तिथे कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये द्यावा लागतो. तेव्हा १८० ने भागून पायने गुणा. बाराचा हिशेब बसवायला एक तर ९० अंश वजा करा, नाहीतर काट्याचं टोक थेट काढा: आडवं अंतर म्हणजे लांबी × साइन, उभं अंतर म्हणजे उणे लांबी × कोसाइन. उणे एवढ्यासाठी की पडद्यावर उभा अक्ष खाली वाढत जातो.

हे सगळं एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा: आत वेळ द्यायची, बाहेर तीन कोन मिळतात, चित्राशी त्याचा संबंध नाही. मग मध्यरात्रीची तपासणी करायला मध्यरात्रीपर्यंत जागावं लागत नाही. पुढच्या वेळा देऊन उत्तरं ताडून पाहा (क्रम तास, मिनिट, सेकंद):

- ३:००:०० ला ९०, ०, ०
- ६:३०:०० ला १९५, १८०, ०
- ९:४५:०० ला २९२.५, २७०, ०
- १२:००:०० आणि ०:००:०० या दोन्हींना ०, ०, ०
- २३:५९:५९ ला ३५९.५, ३५९.९, ३५४

तबकडी एकदाच काढा

साठ रेघा आणि बारा आकडे मिळून ७२ वस्तू झाल्या. त्यातली एकही हलत नाही. तरी नवशिक्या कोडमध्ये त्या दर फ्रेमला पुसून पुन्हा काढल्या जातात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ४,३२० वस्तू, सगळ्या वाया. मार्ग तीन आहेत:

1. एसव्हीजी. तबकडी एकदा मांडायची आणि तीन काट्यांचे फक्त ‘रोटेट’ कोन बदलायचे. कितीही मोठं केलं तरी चित्र फाटत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हाच घ्यावा.
2. कॅनव्हास. एकावर एक दोन कॅनव्हास ठेवा, खालच्यावर तबकडी, वरच्यावर काटे. पुसायचा तो फक्त वरचा. एकाच पानावर पन्नास घड्याळं दाखवायची असतील तर हे सोयीचं पडतं.
3. निव्वळ सीएसएस. तीन काट्यांना ६०, ३,६०० आणि ४३,२०० सेकंदांच्या फेऱ्या द्यायच्या. सुरुवातीची वेळ बसवायला ‘ॲनिमेशन डिले’ उणे आकड्यात द्यायचा, टिकटिक हवी तर ‘स्टेप्स’मध्ये ६० लिहायचं. यात जावास्क्रिप्ट एकदाच धावते. पण वर सांगितलेला नियम इथे मोडतो, घड्याळ पुन्हा मोजायला लागतं. लॅपटॉप झोपून उठला किंवा पान झाकून उघडलं की वेळ पुन्हा जुळवण्याची तजवीज करावीच लागते.

हमखास अडायच्या जागा

*जुने काटे परत उमटतात.* कॅनव्हास पुसला, तरी मागच्या सेकंदाचे काटे नव्या काट्यासोबत दिसतात आणि घड्याळ हळूहळू जड होत जातं. लोक पुसण्याच्या ओळीत चूक शोधत बसतात. चूक तिथे नसते. प्रत्येक रेघेआधी ‘बिगिन पाथ’ लिहायचं राहिलेलं असतं. ते नसेल तर कॅनव्हास आधीच्या सगळ्या रेघा आठवणीत ठेवतो आणि दर वेळी साऱ्या पुन्हा ओढतो. दहा मिनिटांनी तो सेकंदकाट्याच्याच सहाशे रेघा ओढत असतो.

*काटे भिरभिरतात.* ‘रोटेट’ आधीच्या फिरवण्यात भर घालतं. काटा काढण्याआधी ‘सेव्ह’ आणि काढल्यावर ‘रिस्टोअर’ हवंच.

*बाराला उलटी गिरकी.* सीएसएसचं ‘ट्रान्झिशन’ लावलेलं असतं आणि कोन ३५४ वरून ० होतो. ब्राउझर प्रामाणिकपणे ३५४ अंश मागे फिरवतो. उपाय: ट्रान्झिशन काढून टाका, किंवा कोन शून्यावर न आणता ३६०, ३६६ असा वाढू द्या. आजच्या मध्यरात्रीपासून उलटलेल्या एकूण सेकंदांना ६ ने गुणलं की हा वाढता कोन थेट मिळतो. गिरकी मग दिवसातून एकदाच, मध्यरात्री. तीही नको असेल तर ट्रान्झिशनचा नाद सोडा.

*फोनवर धूसर दिसतं.* ‘डिव्हाइस पिक्सेल रेशो’ विचारा, कॅनव्हासची आतली रुंदी-उंची तेवढ्याने गुणा, बाहेरची सीएसएसमधली तशीच ठेवा आणि ‘स्केल’ करा.

*मराठी आकडे वेगळ्याच टाइपात येतात.* तबकडीवर १, २, ३ छान दिसतात, पण वेबफॉन्ट उतरायच्या आत कॅनव्हासने आकडे काढले तर ते हाताशी असलेल्या फॉन्टमध्येच काढले जातात आणि नंतर आपोआप सुधारत नाहीत. तबकडी एकदाच काढत असल्याने ही चूक कायमची राहते. ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स रेडी’ची वाट पाहून मगच तबकडी काढा. ‘टेक्स्ट बेसलाइन’ला ‘मिडल’ दिलं तरी देवनागरी आकडे किंचित वर-खाली बसू शकतात. तेवढं नजरेने सरकवून घ्या.

*परदेशातली वेळ.* न्यू जर्सीतल्या मुलीसाठी दुसरी तबकडी करताना अनेक जण फक्त तासकाटा मागे घेतात. भारताची वेळ अर्ध्या तासाच्या पटीत असल्याने मिनिटकाटाही वेगळा पडतो. शिवाय तिथे हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेनऊचा. ही वजाबाकी स्वतः करू नका. ‘इंटल डेट टाइम फॉरमॅट’ला शहराचा टाइम झोन द्या, उन्हाळी वेळेची काळजी तोच घेतो.

दुसऱ्यांकडून कोड सुधारून घेताना

‘माझं घड्याळ चालत नाही, बघता का?’ या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला काय बघायचं तेच कळत नाही. असं करा:

1. बिघाड दाखवणारा लहानात लहान कोड द्या. तासकाटा चुकत असेल तर सावल्या, रंग, आवाज सगळं काढून टाका. निम्म्या वेळा चूक इथेच सापडते.
2. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे वेळेसकट सांगा. ‘६:३० ला तासकाटा १९५ ऐवजी १८० अंशांवर आहे’ एवढं वाक्य पुरतं.
3. ब्राउझर, यंत्र आणि पडद्याचा वेग सांगा.
4. तक्रार वेगाची असेल तर आधी मोजा. डेव्हलपर टूल्समधल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करा. स्क्रिप्टिंगला किती वेळ गेला आणि पेंटिंगला किती, ते तिथे दिसतं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून त्याचा टास्क मॅनेजर उघडला, तरी कोणतं पान सीपीयू खातंय ते कळतं.
5. आलेली सुधारणा एका वेळी एकच लावा, पुन्हा मोजा आणि मगच पुढची. गिट वापरत असाल तर प्रत्येक सुधारणेची वेगळी नोंद ठेवा आणि नोंदीत ‘काय केलं’पेक्षा ‘का केलं’ ते लिहा.

चार सूचना एकदम आल्या तर कुठली आधी लावायची? आधी चूक दुरुस्त करणारी, म्हणजे मोजणं सोडून वेळ विचारणारी. मग कोनांचं फंक्शन वेगळं करणारी, कारण त्यानंतरची प्रत्येक सुधारणा वर दिलेल्या वेळांनी तपासता येते. मग तबकडी वेगळी करणारी. चलांची नावं बदलणारी सगळ्यात शेवटी. नावं आणि वागणूक एकाच झटक्यात बदलली, तर बिघाड कशाने झाला हे शोधता शोधता संध्याकाळ जाते.

एखादी सूचना नाकारायचा अधिकार तुमचा आहे, ती पाठवणारा कितीही अनुभवी असो. साइन-कोसाइनचे ६० जोड आधीच काढून साठवण्याची सूचना हमखास येते. ऐकायला हुशार वाटते, पण सेकंदाला तीन काट्यांसाठी सहा त्रिकोणमितीय आकडे काढणं आजच्या यंत्राला जाणवतही नाही. मोजून फरक दिसला नाही तर नम्रपणे नको म्हणा.

तुम्ही दुसऱ्याचा कोड सुधारत असाल तर

पूर्ण कोड नव्याने लिहून पाठवण्याचा मोह आवरा. समोरच्याला घड्याळ हवं असतंच, पण बहुतेकदा त्याला ते स्वतः करायचं असतं. बदललेल्या ओळी दाखवा, कारण सांगा, आणि बदल तुम्ही चालवून पाहिला आहे की नुसता डोक्यात केला आहे तेही सांगा. एआयकडून आलेला कोड पुढे पाठवत असाल तर तसं कळवा, आणि २३:५९:५९ ची तपासणी आधी तुम्हीच करा.

कोड कुणाचा, तबकडी कुणाची?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो. लिहिल्याबरोबर हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. यातून निघणाऱ्या कामाच्या गोष्टी:

- कुणी कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवला, म्हणून तो फुकट वापरायची परवानगी मिळत नाही. सोबत परवाना आहे का ते पाहा. नसेल तर विचारा.
- एमआयटी परवान्याचा कोड विकाऊ ॲपमध्येही वापरता येतो, पण मूळ लेखकाची हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. जीपीएलचा कोड घेऊन ॲप वाटलंत तर तुमचा स्रोतही त्याच अटींवर द्यावा लागतो.
- नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते.
- अनेकांचे हात लागलेला कोड असेल तर परवाना पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर प्रत्येकाला शोधून विचारावं लागतं.

तबकडीच्या रूपालाही मालक असू शकतो. स्विस रेल्वेचं घड्याळ हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये आखलं, लाल गोळ्याचा सेकंदकाटा नंतर आला. तो काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करून बारावर थांबतो आणि मिनिटाचा इशारा आला की पुन्हा सुटतो. कोड लिहायला हा फार सुंदर सराव आहे, घरी जरूर करा. पण २०१२ मध्ये ॲपलने आयपॅडच्या घड्याळात हेच रूप वापरलं, तेव्हा त्यांना स्विस रेल्वेशी परवान्याचा करार करावा लागला होता. तुमचं ॲप दुकानात जाणार असेल तर तबकडी स्वतःची आखा.

टर्बो सी आणि पायथन

कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रात्यक्षिकात अजून टर्बो सी असेल, तर ‘क्लिअर डिव्हाइस’ आणि ‘डिले’च्या जोडीने घड्याळ लुकलुकतं. पडदा पुसू नका. ‘सेट राइट मोड’ एक्सऑरवर ठेवा आणि काटा त्याच जागी दुसऱ्यांदा ओढा, म्हणजे तो पुसला जातो आणि तबकडीला धक्का लागत नाही.

पायथनच्या टीकिंटरमध्ये दर सेकंदाला रेघ खोडून नवी काढण्याऐवजी ‘कोऑर्ड्स’ने आहे तीच रेघ हलवा आणि पुढचा ठोका ‘आफ्टर’ने मागा. ‘स्लीप’ वापरलंत तर खिडकी गोठते. टर्टलमध्ये ‘मोड’ला ‘लोगो’ दिलं की शून्य अंश वर येतो आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतात, म्हणजे ९० वजा करायची कटकटच संपते. ‘ट्रेसर’ बंद ठेवून तबकडी काढली की ती रांगत उमटण्याऐवजी एकदम दिसते.

पायथनसोबतच येणाऱ्या टर्टलडेमो या नमुन्यांमध्ये काट्यांचं घड्याळ आहे. ते उघडून वाचा. चलांना ‘सेकुंडे’, ‘श्टुंडे’ अशी जर्मन नावं आहेत, तरी कोड पहिल्या वाचनात कळतो. सेकंदाचा अपूर्णांक मिनिटात, मिनिटाचा तासात मिळवलेला आहे, काट्यांना सहा, सहा आणि तीसने गुणून दिशा दिली आहे, आणि दर १०० मिलिसेकंदांनी यंत्राला वेळ नव्याने विचारली आहे.